पत्राचा उरलेला भाग

दोन वाजून चौदा मिनिटांनी सुपत्राची पेन्सिल थांबली. बावीस वर्षांत ती अशी कधी थांबली नव्हती. संसदेच्या लघुलेखकांचा हात थांबत नसतो. बोलणारा खोकला, कागद चाळू लागला, कुणावर ओरडला, तरी हात आपला पुढे पुढे सरकत राहतो, बैलाला वाट ठाऊक असावी तसा. दहा मिनिटांची एकेकाची पाळी. अध्यक्षांसमोरच्या ठेंगण्या टेबलाशी बसायचं, ऐकायचं, खुणा काढायच्या, पाळी संपली की पुढच्या बाईला जागा द्यायची आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्या दहा मिनिटांचं टंकलेखन करायचं. त्या दहा मिनिटांत काय बोललं गेलं याच्याशी आपला संबंध नाही, हे नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिला शिकवलं होतं आणि तिनं ते मनापासून पाळलं होतं. आज दुपारी समितीपुढे विषय होता नावाआधी लागणाऱ्या कुमार, कुमारी, श्री, श्रीमती या उपपदांचा. ज्याला आपलं उपपद आपलं वाटत नाही त्याला ते बदलता यावं का, आणि यावं तर कितव्या वर्षी. एक वयस्क सभासद म्हणाले की, पोरांना आज एक वाटतं, उद्या दुसरं, कायद्यानं पोरांच्या मागे धावू नये. सुपत्राच्या हाताला ते पटलं. त्यांच्यानंतर एक डॉक्टरीणबाई बोलल्या. कुणाला ढकलू नये तसं कुणाला अडवूनही धरू नये, मूल काय म्हणतंय ते आधी ऐकून तर घ्या, असं त्यांचं म्हणणं. हाताला तेही पटलं. हाताला सगळ्यांचंच पटे. मग समितीचा तरुण सचिव उठला आणि म्हणाला की बँकॉकमधल्याच एका मुलाचं पत्र आलं आहे, नाव गुप्त ठेवलं आहे, आणि वाचायला लागला.

'पुढच्या महिन्यात मला पंधरा वर्षं पूर्ण होतील, मग माझ्या नावाआधीचं कुमार जाऊन तिथं श्री लागेल. कुमार मी कसंबसं सहन केलं, कारण लहानपणी सगळंच थोडं खोटं असतं. श्रीची मला भीती वाटते. शाळेत दर गुरुवारी मुलग्यांना स्काउटचा गणवेश असतो. दर गुरुवारी माझ्या पोटात दुखतं. आई कोमट पाण्यात औषधी पूड कालवून देते. ती मी आमच्या सातव्या मजल्यावरच्या गॅलरीतल्या लिंबाच्या कुंडीत ओतते. लिंबाचं पोट आता अगदी उत्तम आहे.'

समितीत हशा पिकला. ते वयस्क सभासददेखील हसले. नियमाप्रमाणे कंसात 'हशा' असं लिहायला हवं होतं, आणि तिथंच पेन्सिल थांबली. ती पूड, ते कोमट पाणी, सातवा मजला. गेल्या पावसाळ्यात ते लिंब एकाएकी फोफावलं तेव्हा तिनं शेजारणीला कौतुकानं सांगितलं होतं की आपण काहीसुद्धा घालत नाही त्याला. हात पुन्हा चालू लागला तो तिनं चालवला म्हणून नव्हे. सवयीनं. मान वर करायची नाही, एवढंच तिला कळत होतं. वर केली तर सगळ्यांना दिसेल. काय दिसेल ते तिला सांगता आलं नसतं. सचिवाचा आवाज पुढे जात होता, गणिताच्या बाईंबद्दल, शाळेतल्या स्वच्छतागृहांबद्दल, मधल्या सुट्टीत पाणी न पिण्याबद्दल, आणि ती एकेक खूण काढत होती. तिचं मूल बोलत होतं आणि ती ते उतरवून घेत होती. 'गेल्या वर्षी मे महिन्यात शाळा सुरू होण्याआधी आई मला केस कापायला घेऊन गेली,' सचिवानं वाचलं. 'त्या दिवशी मला आईबद्दल जे कळलं ते—'

खांद्याला बोट लागलं. जिनतना. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. जिनतना तिच्याहून सात वर्षांनी मोठी, पुढची पाळी तिची. तिनं आपली वही अगोदरच टेबलावर टेकवली होती आणि तिची पेन्सिल सुपत्राच्या पेन्सिलीच्या पुढचा शब्द पकडूनही बसली होती. उठायला हवं होतं. सुपत्रा उठली. वाकून, कुणाच्या नजरेत न येता, भिंतीच्या कडेकडेनं दारापर्यंत गेली. मागे सचिवाचा आवाज नुसता आवाज राहिला, त्यातले शब्द गेले. मग जाड दार मिटलं आणि आवाजही गेला.

जिन्यावरून खाली उतरताना तिनं कठडा धरला होता. आईबद्दल जे कळलं ते. काय कळलं असेल ते तिला माहीत होतं. त्या दिवसाचं तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. माखामचे केस तेव्हा मानेवर रुळायला लागले होते. चिंचेच्या झाडाखाली बसली असताना सुपत्राला कळा आल्या म्हणून नाव माखाम, म्हणजे चिंच. कागदावरचं नाव ठीरफत, ते घरात कुणी घेत नसे. शाळेचा नियम होता, मुलग्यांचे केस बारीक. नियम आता सैल झालाय, मुख्याध्यापकांशी बोलता येतं, असं एका पालकांनी सांगितलं होतं. पण बोलायचं काय? आमच्याकडे असं असं आहे, हे वाक्य तिला तोंडातून काढायचं नव्हतं. आणि प्रासित, तिचा नवरा, लेम चबांग बंदरात क्रेन चालवणारा, शनिवारी घरी येणार होता. पोराचे ते केस पाहून तो काय करील, ते तिला कळत नव्हतं. प्रासितनं कधी कुणावर हात उगारला नव्हता. पण तो गप्प बसे, आणि क्रेनवर दिवस काढणाऱ्या माणसाचं गप्प बसणं फार उंचावरून येतं. त्यानं काही पाहायच्या आत मिटवून टाकावं, असं तिनं ठरवलं. न्हाव्याच्या खुर्चीमागे ती उभी राहिली. आरशात माखामचे डोळे तिच्याकडे लागले होते. पाणी नव्हतं त्यांत. नुसतं बघणं. न्हाव्यानं किती बारीक म्हणून विचारलं, तेव्हा ती काय म्हणाली ते तिला शब्द न् शब्द आठवत होतं. शब्द आठवणं हाच तर तिचा धंदा.

त्या दिवसापासून घरात एक शांतता येऊन राहिली होती. माखाम भांडलं असतं, दार आपटलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. माखाम जेवलं, माखाम झोपलं, माखाम शाळेत गेलं. आलं, बसलं, उठलं. आला म्हणायचं नाही, आली म्हणायचं नाही, अशी एक अडचणीची भाषा सुपत्रानं वर्षभर घरात चालवली होती आणि आपण ती चालवतोय हे कुणाला कळत नाही, असं तिला वाटत होतं. जानेवारीत दुसऱ्या एका प्रांतातल्या शाळकरी पोरानं जीव दिल्याची बातमी आली. चार ओळींचीच. ती वाचून ती उठली आणि गॅलरीतलं स्टूल घरात घेऊन आली. स्वयंपाकघरात उंचावरचे डबे काढायला लागतं, असं म्हणाली. नंतर रोज दुपारी, कुणी भाषण करत असताना, हात खुणा काढत असताना, तिच्या डोळ्यांसमोर ती गॅलरी यायची. एकदा तिनं माखामचं दप्तर उपसलं. गादीखाली हात घातला. काय शोधत होती तिला माहीत नव्हतं. सापडली ती फक्त शाळेची एक सूचना, सहलीची, पालकांच्या सहीची जागा रिकामी. सहलीला जायचंय का, हे तिनं विचारलं नाही, कारण मग गादीखाली हात घातल्याचं सांगावं लागलं असतं.

खालच्या खोलीत ती यंत्रापुढे बसली आणि वही उघडली. ध्वनिमुद्रण असतंच, पण ते बैठक उठल्याशिवाय खाली येत नाही. जिनतनाची पाळी अडीचला संपणार. दहा मिनिटं. माणूस दहा मिनिटं श्वास रोखून बसू शकत नाही, पण सुपत्रा जवळजवळ तसंच करत होती. तिनं आपला भाग टंकायला घेतला. वयस्क सभासदांचं म्हणणं उतरलं. डॉक्टरीणबाईंचं उतरलं. मग पत्र आलं. दर गुरुवारी माझ्या पोटात दुखतं. आज गुरुवारच होता. सकाळी तिनं पूड कालवून दिली होती आणि माखामनं रिकामा पेला आणून मोरीत ठेवला होता, शहाण्या पोरासारखं. लिंबाचं पोट आता अगदी उत्तम आहे. कंसात हशा. तो शब्द टंकताना तिच्या आत काहीतरी हललं, भीतीपेक्षा निराळं. लोक हसले होते. तिच्या पोरानं एक ओळ लिहिली आणि कायदे करणारी दोन डझन माणसं हसली. एवढ्या शांत घरात, एवढ्या शांत चेहऱ्यामागे, हे पोर विनोद रचत बसलं होतं. गॅलरीच्या कठड्याकडे बघत बसलेलं पोर लिंबाच्या पोटाचा विचार करील का? तिला उत्तर माहीत नव्हतं. पण हा प्रश्न पाच महिन्यांत प्रथमच तिच्या मनात नीट वाक्य होऊन आला होता आणि त्याला शेवटी प्रश्नचिन्ह होतं.

जिनतना आली ती वही छातीशी धरून. पाणी प्याली. तिच्याकडे न बघता म्हणाली की ती पाळीआधीच येऊन मागे थांबली होती, सचिवाची जीभ दोनतीनदा घसरली, ओतते असेल तिथं ओततो म्हणाला, गेलेचं गेलो केलं. पुरुषाच्या तोंडाला सवय नाही. तिनं मूळ कागद मागून पाहिला, त्यात सगळीकडे ओतते, गेले, म्हणाले असंच आहे.

"तू काय घातलंस?" तिनं विचारलं.

"ओतते," सुपत्रा म्हणाली. आपण काय ऐकलं होतं ते तिला आठवेना. तिच्या वहीत ओततेच होतं.

सुपत्राला विचारायचं होतं आणि कसं विचारावं ते सुचत नव्हतं. जिनतनाची लघुलिपी तिला वाचता येत नसे. प्रत्येकीच्या खुणा निराळ्या वळणाच्या असतात, वीस वर्षं शेजारी बसूनही. शेवटी ती म्हणाली, "ताई, पुढचं वाचून दाखवता? माझा भाग अर्ध्या वाक्यावर तुटलाय."

जिनतनानं तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी नववर्षाच्या सणाला ती त्यांच्या घरी आली होती, त्या गॅलरीत बसून तिनं भात खाल्ला होता. "दार लावून घे," ती म्हणाली. आणि सगळ्यांची भाषणं ज्या सपाट, कोरड्या आवाजात ती वाचून दाखवी त्याच आवाजात वाचू लागली. तो आवाज होता म्हणून बरं. दुसऱ्या कुठल्याही आवाजात सुपत्राला ते ऐकवलं नसतं.

'त्या दिवशी मला आईबद्दल जे कळलं ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. न्हाव्यानं विचारलं किती बारीक. आई म्हणाली, नियमात असेल तेवढे, कुणी नावं ठेवता कामा नयेत. तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो थरथरत होता. मी आरशात तिच्याकडे बघत होते. तिला वाटलं मी रागानं बघतेय. मी बघत होते की हिला एवढं काय झालंय. नंतर तिनं मला बर्फ घातलेल्या नारळाच्या दुधातले शिंगाडे खायला नेलं आणि स्वतःचा वाडगा तसाच वितळू दिला. तोपर्यंत मला वाटायचं की आईला मी नकोशी आहे. तसं नाहीये. आईला भीती वाटते. शाळेची, शेजाऱ्यांची, बाबांची. मी गॅलरीतून उडी मारीन याचीही वाटते. तिनं तिथलं स्टूल आत नेऊन ठेवलंय. मी उडी मारणार नाही. मला उंचीची भीती वाटते, आणि परीक्षेनंतर आम्ही मैत्रिणी समुद्रावर जाणार आहोत. अध्यक्ष महोदय, वय पंधरा ठेवायचं की अठरा ते तुम्ही ठरवा. आमच्या वर्गात कच्च्या पपईच्या सोमतमात मिरच्या किती घालाव्या यावरही एकमत होत नाही. मला कसलीच घाई नाही. औषध नको, ऑपरेशन नको. उद्या मला काय वाटेल ते उद्या बघू, असं डॉक्टर म्हणाले तरी मी रागावणार नाही. पण आज हजेरी घेताना मला जे म्हणतात त्याला ओ देताना मी रोज एकदा खोटं बोलते. आणि कायदा करायचाच असेल तर असा करा की माझ्यासारख्यांच्या आयांना थोडी कमी भीती वाटेल.'

जिनतनानं पान उलटलं. सुपत्राचे दोन्ही हात यंत्रावर पडले होते आणि पडद्यावर एकाच अक्षराची लांबच लांब ओळ उमटत गेली होती. तिनं हात उचलले. मी उडी मारणार नाही. त्या एका वाक्यापाशी ती पुन्हा पुन्हा येऊन थांबत होती, पायरीवर बसावं तशी. भांड्यात जीव पडतो म्हणतात तो असा एकदम पडत नाही. आधी खांदे खाली येतात. मग जबडा सैल होतो आणि कळतं की तो आवळलेला होता. मग लाज येते. आपण पाच महिने रोज त्या गॅलरीत उभ्या होतो, आणि पोर आत बसून आपल्याकडे बघत होतं, हिला एवढं काय झालंय म्हणून. नकोशी हा शब्द त्यात होता. तो एक शब्द तिला कुठंतरी खोल लागला होता, आणि तो लागायलाच हवा होता, तो पुसायचा नव्हता. त्याच्यापुढेच 'तसं नाहीये' हेही लिहिलं होतं.

"मग ते वयस्क सभासद उठले," जिनतना आपल्या खुणांवर बोट ठेवत म्हणाली. "म्हणाले, माझं मत बदललेलं नाही, पण हे पत्र लिहिणाऱ्याच्या म... " ती थांबली, डोळे बारीक करून तिनं खूण पुन्हा पाहिली. "लिहिणाऱ्याच्या मर्जीनं लिहिलंय, हे दिसतंय. आणि विचारलं, अल्पवयीन मुलाचं पत्र आहे, पालकांना ठाऊक आहे का? सचिव म्हणाला, आहे. संमतीपत्र जोडलंय. वडिलांची सही आहे."

"कुणाची?"

"वडिलांची." जिनतनानं वही मिटली. "तुझा भाग टंकून झाला की घरी जा. उरलेल्या दोन पाळ्या मी बघते. आणि त्या लिंबाला आता ती पूड घालू नका, मरेल एखाद्या दिवशी."

नदीवरच्या नावेत ती मागच्या बाकावर बसली. ऊन कलत होतं, शाळा सुटलेल्या पोरांनी नाव भरली होती. प्रासितची सही. ज्या माणसापासून पोराला झाकायचं म्हणून तिनं ते केस कापले त्या माणसाची. तिनं फोन बाहेर काढला आणि परत ठेवला. तो क्रेनवर असेल, वर असताना तो फोन घेत नाही. कधीपासून ठाऊक असेल त्याला? शनिवारी आल्यावर तो माखामला घेऊन बाजारात जाई, आणि दोघं तीन तीन तास येत नसत. ती म्हणायची, भाजी आणायला एवढा वेळ? तो म्हणायचा, गर्दी होती. तिला राग यायला हवा होता, आणि तो थोडा येतही होता. पण त्याच्या खालून जे वर येत होतं ते रागापेक्षा फार हलकं होतं. एकट्यानं पेलायचं असं जे ती वर्षभर पेलत आली होती त्याचं दुसरं टोक कुणीतरी केव्हाचं धरून उभं होतं.

घरात शिरली तेव्हा माखाम ओट्यापाशी अंडी फेटत होती. स्काउटचा गणवेश खुर्चीवर लोंबत होता. केस पुन्हा कानापर्यंत आले होते. सुपत्रानं चपला काढल्या, पिशवी ठेवली, आणि एवढा वेळ नावेत जुळवलेलं वाक्य तिला सापडेना.

"आज लवकर?" माखामनं विचारलं.

"समितीत एक पत्र वाचलं."

फेटणं थांबलं. माखामनं वळून पाहिलं नाही. "कुणाच्या पाळीत?"

"अर्धं माझ्या."

"तिथं आठजणी आहात ना तुम्ही," माखाम अगदी हळू म्हणाली. "मी हिशेब केला होता. तुझी पाळी येण्याची शक्यता फार कमी होती."

"आणि आली तर चालणार होतं?"

माखामनं काटा भांड्याच्या कडेला टेकवला. "थोडं हवंही होतं," ती म्हणाली. "मला बोलून सांगता येत नव्हतं. तुला काहीतरी सांगायला लागलं की तुझा चेहरा असा होतो ना. कागदावर चेहरा दिसत नाही." मग घाईघाईनं, "कुठला अर्धा?"

"पहिला. पण दुसरा ताईंनी वाचून दाखवला. सगळा."

यावर माखाम वळली. तिच्या हनुवटीला अंडं लागलं होतं. रडेल असं सुपत्राला वाटलं, पण ती रडली नाही, आईच्या चेहऱ्याकडे फक्त बघत राहिली, आरशात बघितलं होतं तशी, आणि आज सुपत्राला त्या बघण्याची भीती वाटली नाही. तिनं पुढे होऊन बोटानं ते अंडं पुसलं. म्हणाली की त्या दिवशी न्हाव्याकडे जे केलं ते तिनं करायला नको होतं. असं वाक्य तिनं जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. ते फार मोठं असेल असं वाटलं होतं, पण निघालं छोटंच. माखाम म्हणाली, केस काय, वाढतात. मग म्हणाली, पण वाईट वाटलं होतं, खूप. सुपत्रा हो म्हणाली. सोमवारी शाळेत जाऊ, मुख्याध्यापकांशी मी बोलते, असंही म्हणाली. ते ऐकतील की नाही माहीत नाही. कायदा या वर्षी होईल की दहा वर्षांनी तेही माहीत नाही. पण मी बोलते.

"तुला बोलता येईल?" माखामनं विचारलं. "तू तर लोकांचंच लिहून घेतेस."

"बावीस वर्षं लोक कसे बोलतात तेच तर ऐकतेय."

साडेसहाला प्रासितचा फोन आला, रोज येतो तसा. सुपत्रानंच उचलला. मागे बंदराचा भोंगा वाजत होता, कुणीतरी ओरडत होतं. जेवलात का, म्हणून त्यानं विचारलं. तिनं विचारलं, "सही तू केलीस?"

तो गोंगाटापासून दूर सरकल्याचं तिला ऐकू आलं.

"हो," तो म्हणाला.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"सातवीपासून. तिनंच सांगितलं. भाजीबाजारात, कोंबडीवाल्यापुढे." तो खाकरला. "तू त्रास करून घेशील म्हणून आम्ही दोघं गप्प होतो. तू तिला न्हाव्याकडे नेलंस ना, तेव्हा मला वाटलं तुला हे बघवणारच नाही."

"मी तुझ्यासाठी नेलं होतं. तू चिडशील म्हणून."

भोंगा पुन्हा वाजला. मग त्यानं काहीतरी तोंडातल्या तोंडात म्हटलं, ते तिला ऐकू आलं नाही, आणि आयुष्यात प्रथमच न ऐकू आलेला शब्द तिनं तसाच सोडून दिला.

"मला सांगायचं नाही होय?" ती म्हणाली.

"तुझ्या ऑफिसात तर पाठवलं होतं."

हसू इतकं अचानक आलं की ती ओट्याला टेकली. माखाम कढईपुढून बघत होती, आणि तीही हसू लागली, कशाला ते माहीत नसताना. फोनमधून प्रासित घाबरून विचारत होता की काय झालं, रडतेयस का, अगं बोल ना.

"नाही रे," ती डोळे पुसत म्हणाली. "भूक लागलीय. सकाळपासून काही खाल्लं नाही, आणि ही आत्ता कुठं ऑम्लेट टाकतेय."